तंबोऱ्याचा टोन येतो कुठून

(दृश्य: घोडी आणि कानस, एकदम जवळून. सुरुवातीला नुसती खरखर.)

हे जे पांढरं पीठ पडतंय ना, ते हाडाचं आहे. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर, बसवलेली ही घोडी, हिच्यावरून चारही तारा जातात. पूर्वी हिचा वरचा थर सांबरशिंगाचा नाहीतर हस्तिदंताचा असायचा, आता त्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे हाड, आबनूस, नाहीतर सरळ प्लास्टिक. समोरून बघितलं तर घोडी सपाट वाटते. पण कॅमेरा बाजूला नेला की कळतं, तिला अगदी हलका उतार आहे, गोलाई आहे. तंबोऱ्याचा सगळा टोन या एवढ्याशा गोलाईवर अवलंबून आहे, हिलाच जवारी म्हणतात.

पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, जिन्याखालच्या खोलीत हे काका जवारी काढतात. भिंतीला टेकवून तंबोरे उभे, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी.

(दृश्य: हात. तार सैल होते, बाजूला जाते.)

पद्धत बघा. तार सैल करायची, बाजूला सारायची, कानशीचे दोन-तीनच हात, तार परत जागेवर, छेडायची, ऐकायचं, परत सैल. हे असं कितीतरी वेळा आणि तेही प्रत्येक तारेसाठी वेगळं, कारण पितळी खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार जाड, तिचं कंपन मोठं, तिला उतार वेगळा लागतो आणि जोडीच्या, म्हणजे एकाच सा ला लावलेल्या मधल्या दोन पोलादी तारांना वेगळा. हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. इथे माप नाही, गेज नाही, फक्त कान आहे. "मिठासारखं आहे हे," काका म्हणतात, "जास्त पडलं की काढता येत नाही." एका जागी जास्त घासलं गेलं तर सगळी घोडी तेवढी खाली न्यावी लागते आणि काम पहिल्यापासून.

आणि या रेषा दिसतायत? हे चर. रोजच्या वाजवण्याने तारेखाली हाड झिजतं, नखाला लागतं इतकं. तार त्या चरात बसली की तिला उतारावर मोकळं टेकता-उठता येत नाही आणि आवाज बसतो. लोक म्हणतात तार जुनी झाली, नवीन घालतात, आवाज तसाच मेलेला.

आता दोरा. साधा सुती दोरा, तारेखाली घोडीवर सरकवायचा. आधी दोरा नसतानाचा आवाज ऐका, मग असतानाचा.

(इथे निवेदन नाही. काका दोरा सुईच्या टोकाएवढा पुढे नेतात, आवाज उघडतो.)

खुली जवारी म्हणतात ती ही. काही गायकांना बंद, गोल टोन आवडतो, त्यांच्यासाठी काका वेगळी काढतात, घेऊन जाणाऱ्याचा गळा आधी ऐकून घेतात.

हे होतं कसं यावर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच लिहून ठेवलंय, नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी. हार्मोनिक म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनांचे त्याच तारेतले वरचे स्वर. तार जिथे छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू असतो तो हार्मोनिक ऐकू यायला नको, असा यंग-हेल्महोल्ट्झ नियम. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र तो चांगला ठणठणीत ऐकू येतो. कारण परत ही घोडीच. तार थरथरताना गोलाईवर टेकत-उठत राहते, टेकण्याची जागा सारखी बदलते आणि वरचे हार्मोनिक जागे होत राहतात. म्हणून तंबोऱ्याचा आवाज छेडल्याक्षणी पूर्ण येत नाही, नंतर फुलतो.

(दृश्य: विद्यार्थिनी तंबोरा जुळवताना.)

कॉलेजातली ही मुलगी गाणं शिकते, खुंट्या सरकतात म्हणून आलीये. काका खुंटीला खडू लावतात आणि तंबोरा तिच्याच हातात देतात. "अगं आधी जोड जुळव, खर्जाला हात नको लावूस." दोन जोडीच्या तारा जराशा वेगळ्या असल्या की आवाजात लाट येते, वां-वां-वां, घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी केसभर सरकवला की लाट संथ होते आणि मग नाहीशीच होते. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा आहे, बघा.

"काका, गंधार येतोय!"

गंधाराची, म्हणजे ग ची, तार तंबोऱ्याला नसते. पंचम (प), दोन षड्ज (सा), खर्ज, एवढंच, मालकंसासारख्या रागाला पंचम नसतो तेव्हा त्या जागी मध्यम (म). गंधार येतो तो खर्जाच्या पाचव्या हार्मोनिकमधून, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. काळी एक पट्टीत, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरली तर, खर्ज सेकंदाला सुमारे 69.3 कंपनांचा, त्याची पाचपट 346.5. आजच्या पेटीवर तोच गंधार सुमारे 349 ला आहे, म्हणजे जरा चढा. रोज पेटीवरच गाणाऱ्या मुलांचा गंधार तिथेच बसतो आणि नंतर उतरवायला फार त्रास होतो, हे कुठल्याही गुरूला विचारा. तंबोऱ्याशी बसलं की कानाला खरा गंधार आपोआप कळतो.

(दृश्य: मोबाईलवर तंबोऱ्याचं अॅप.)

अॅप सोयीचं आहे, छोट्या फ्लॅटमध्ये, प्रवासात ते लागतंच. पण अॅपमध्ये जुळवायचं काही उरत नाही, पट्टी निवडली की झालं, आणि जुळवताना जो कान तयार होतो तो होत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की शिकणाऱ्याच्या रियाजात रोज थोडा वेळ तरी खरा तंबोरा असावा.

(दृश्य: मिरजेहून आलेला नवा तंबोरा, भोपळ्यावरचं नक्षीकाम.)

हा मिरजेचा. फरीदसाहेब सतारमेकर या कारागिरापासून तिथे सतारी-तंबोरे बनवण्याचं काम चालत आलंय, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. पुण्यात 1953 पासून होणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात गायकाच्या मागे जे दोन तंबोरे दिसतात, त्यांनाही अशीच जवारी लागते. काकांकडे मात्र हे काम शिकायला सध्या कोणी येत नाही.

घरात तंबोरा नुसता उभा असेल तर पावसाळा संपल्यावर गवसणी (कापडी खोळ) काढा, घोडीवर नख फिरवून चर पडलेत का बघा. पडले असतील तर तारा किंवा घोडी बदलायची घाई नको, आधी जवारी काढून घ्या, आणि ती काढताना शेजारी बसून ऐका.