इंजिन ऑइल खातंय, पण कुठून?

नमस्कार मंडळी. मागं खुर्च्या आहेत, बसून घ्या. विषय तुमच्या रोजच्यातलाच आहे, जुनी डिझेल पिकअप, दोन लाखाच्या पुढं फिरलेली, टोमॅटो कांदा ओढणारी, आणि आता ऑइल प्यायला लागलेली. अशी गाडी गॅरेजला गेली आणि सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की निकाल तिथल्या तिथं लागतो, पिस्टनवरच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवा, हाफ काम करून टाकू, म्हणजे इंजिन खोलून रिंगा वगैरे बदलू. आता रिंगा जात नाहीत असं मी म्हणत नाही, जातातच, पण ऑइल बाहेर पडायला इंजिनला बऱ्याच वाटा असतात आणि त्यातल्या कितीतरी हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या भागाला, हात न लावता बघता येतात, तेवढं बघूनच मग पाना हातात घ्यावा असं माझं म्हणणं.

पहिली गोष्ट, किती खाते? कुणाला विचारलं तर सांगतो, महिन्याला लिटरभर टाकतो. अहो पण महिना हे काय माप झालं का, एकाची गाडी महिन्याला दीड हजार किलोमीटर पळते, दुसऱ्याची नारायणगाव ते वाशी करत सहा हजार. मोजायचं तर नीट मोजा. सपाट जागा बघा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीत, उतरतं, मॅक्सच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा. १००० किलोमीटरनंतर त्याच जागेवर, तेवढाच वेळ थांबून परत मॅक्सपर्यंत भरा, आणि किती मिली लागलं ते मापाच्या डब्यानं बघा, अंदाजानं नको.

आता किती म्हणजे जास्त? डिझेल इंजिनला ढोबळ हिशोब इंधनावर लावतात, जाळलेल्या डिझेलच्या ०.१ ते ०.३ टक्के ऑइल गेलं तर इंजिन ठणठणीत समजायचं. गाडी १२ चं अॅव्हरेज देत असेल तर १००० किलोमीटरला साधारण ८३ लिटर डिझेल, त्याचे ०.३ टक्के म्हणजे पाव लिटर. म्हणजे पाव लिटरला ओरडायचं कारण नाही, अर्धा लिटर गेलं तर लक्ष ठेवा, लिटरभर जात असेल तर मग आजचं हे सगळं तुमच्यासाठी आहे.

यात एक मजेशीर भानगड असते ती ऑइल गेजच्या काडीची. जुन्या गाडीत काडी कधीतरी हरवलेली असते, कुणीतरी दुसऱ्या मॉडेलची घातलेली असते आणि तिची मॅक्सची खूण खोटी असते. मग मालक खुणेपर्यंत भरतो, प्रत्यक्षात ऑइल जास्त झालेलं असतं, क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, ते घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरमधली वाफ सोडणाऱ्या पाईपमधून, बाहेर फेकलं जातं, मालक म्हणतो ऑइल कमी झालं आणि परत भरतो. म्हणून पुढच्या ऑइल चेंजला पुस्तकात लिहिलंय तेवढं मोजून ओता, फिल्टर भरेपर्यंत इंजिन चालवा, बंद करून थांबा आणि लेव्हल कुठं येते ते काडीवर कानशीनं खूण करून ठेवा.

आणि उलटं पण असतं बरं का. लेव्हल हलतच नाही किंवा वाढते, मालक खूश. काडीचा वास घ्या. डिझेल आत उतरत असेल तर ऑइल जातंय ते दिसतच नाही, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं आणि हे ऑइल पिण्यापेक्षा वाईट.

गळतीकडं येऊ. रात्री गाडी उभी असते तिथं खाली डाग नाही म्हणजे गळती नाही, असं सगळे धरून चालतात. बघा, एक मिलीत साधारण २० थेंब, म्हणजे लिटरमध्ये २० हजार थेंब. १००० किलोमीटरला लिटर गेलं तर दर ५० मीटरला एक थेंब पडला की हिशोब पुरा. ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक, टर्बोला (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जाणारा पाईप, हे प्रेशर असताना गळतात, इंजिन बंद केलं की बंद. इंजिन धुऊन घ्या, कोरडं करा, लोड घालून पन्नास-साठ किलोमीटर फिरून या आणि मग खाली झोपून बघा, सगळ्यात वर ओलं कुठं आहे ते शोधा, कारण ऑइल खाली आणि वाऱ्यानं मागं जातं, त्यामुळं टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या, पॅकिंगचं पाप बऱ्याचदा क्रँकच्या मागच्या सीलवर जातं आणि गिअरबॉक्स विनाकारण उतरतो.

आता व्हॅक्यूम पंप. याच्याकडं कुणी बघत नाही. डिझेलला ब्रेक बूस्टरसाठी, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या डब्यासाठी, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो आणि आपल्या कितीतरी जुन्या गाड्यांना तो आल्टरनेटरच्या मागच्या बाजूला बसवलेला असतो, त्याला इंजिनमधूनच ऑइल मिळतं. त्याचं सील गेलं की ऑइल आल्टरनेटरमध्ये, मग चार्जिंग बंद, मालक इलेक्ट्रिशियनकडं, तो आल्टरनेटर साफ करून देतो आणि ऑइल कुठून आलं हे विचारायचं काम कुणाचंच नसतं. बूस्टरकडं जाणाऱ्या पाईपमध्ये नॉन रिटर्न वॉल्व्ह असतो, तो खराब झाला तर इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमधला व्हॅक्यूम पंपातलं ऑइल ओढून घेतो. तो पाईप काढून आत बोट घाला. ऑइल लागलं तर ते काम त्याच दिवशी करा, बूस्टरचा डायफ्रॅम ऑइलनं फुगतो आणि माळशेज उतरताना पायाखाली ब्रेक दगडासारखा कडक लागतो.

टर्बोवर जरा थांबतो, कारण पैसे इथं सगळ्यात जास्त वाया जातात. लोकांना वाटतं टर्बोत रबरी सील असतं, ते फाटलं की ऑइल जातं. तसं नाही. आत पिस्टन रिंगेसारख्या बारीक रिंगा असतात आणि त्या दोन्हीकडच्या प्रेशरच्या तोलावर ऑइल अडवतात. एअर फिल्टर चोक झाला की कॉम्प्रेसरच्या, म्हणजे टर्बोच्या हवा ओढणाऱ्या बाजूच्या, तोंडाशी ओढ तयार होते आणि चांगल्या टर्बोतूनसुद्धा ऑइल खेचलं जातं. टर्बोतून चेंबरला परत येणारा ड्रेन पाईप कार्बननं भरला किंवा मुडपला तरी तेच, आणि चेंबरमध्येच प्रेशर असेल तरी तेच. मग नवा टर्बो बसवतात, महिन्यात तोही ऑइल फेकतो आणि टर्बोवाल्याशी भांडण. इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा, पाईप काढून बघा. नुसता ओलसर थर असेल तर सोडून द्या, ब्रीदर बऱ्याचदा टर्बोच्या तोंडाशी जोडलेला असल्यानं तेवढं असतंच. थारोळं निघालं तर शाफ्ट हलवून बघा, आडवा किंचित प्ले चालतो, पण पंखा घराला घासत असेल किंवा शाफ्ट पुढं-मागं हलताना जाणवत असेल तर टर्बो गेला.

थारोळं साचलेलं असताना गाडी तशीच पळवू नका. डिझेल इंजिन स्वतःचं ऑइल जाळून पळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. गाडी चालू असताना असं झालं तर वरचा गिअर, ब्रेक दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं. उभ्या गाडीत हवेचं तोंड सपाट फळकुटानं बंद करतात, पण हात किंवा फडकं तिथं नेऊ नका, आत ओढलं जातं.

ब्रीदर आणि बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या बाजूनं निसटून चेंबरमध्ये उतरणारा गॅस. गरम इंजिन आयडलला ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, नाचून खाली पडलं आणि भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे. पण थांबा, अजून रिंगांचा निकाल नको, आधी ब्रीदरचा पाईप आणि त्याची जाळी साफ करा. तो चोक असेल तर चेंबरमध्ये प्रेशर साठतं आणि जिथं जिथं सील आहे तिथून ऑइल बाहेर पडतं. एकाच महिन्यात पुढचं सील, मागचं सील, टॅपेट कव्हर सगळं गळायला लागलं तर सील डुप्लिकेट निघाली म्हणून दुकानदाराला शिव्या घालायच्या आधी ब्रीदर बघा.

धुराचं काय? सकाळी स्टार्टला निळा भपका आला आणि मग बंद झाला तर वॉल्व्ह सीलकडं बघायचं, रात्रभर ऑइल गाईडमधून, म्हणजे वॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून, झिरपलेलं असतं. चढाला लोडवर सतत निळा असेल तर रिंगा किंवा टर्बो. उतारावरून येऊन परत अॅक्सिलरेटर दिला की निळा, म्हणजे वॉल्व्ह गाईड, हे मात्र पेट्रोलचं ज्ञान आहे, मोबाईलवर बघून सगळे सांगतात. पेट्रोलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद झाला की मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम होतो आणि गाईडमधून ऑइल ओढलं जातं, आपल्या जुन्या डिझेलला थ्रॉटलच नाही, त्यामुळं तेवढ्यावरून हेड उतरवू नका.

एवढं करूनही लिटर जातंच असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब होतो ते मोजायचं. आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर गुन्हेगार सापडला. सिलिंडरमध्ये ऑइल ओतून परत टेस्ट घ्यायची पेट्रोलची पद्धत डिझेलला वापरू नका, वर जागाच इतकी कमी असते की ऑइलनंच आकडा वाढतो, जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यापेक्षा लीक डाऊन करा, सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

आणि इथं एक गोम आहे. कॉम्प्रेशन एकदम चांगलं येतं आणि तरी गाडी ऑइल पिते. कारण कॉम्प्रेशन धरतात वरच्या दोन रिंगा, बोअरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं, ऑइल खरवडते ती खालची ऑइल रिंग. ऑइल उशिरा बदललं, सुटं ऑइल भरलं, तर कार्बननं ती खाचेत अडकते, ऑइल परत जायची भोकं बुजतात. तेव्हा बोअर चांगला असेल तर नुसत्या रिंगा आणि होनिंगवर, म्हणजे बोअरला दगडानं बारीक तिरक्या रेघा मारण्यावर, काम भागतं, लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, बदलायची गरज नसते. काम निघालंच तर खोलल्यावर आधी बोअरच्या वरच्या भागावर बोट फिरवा, काठ लागतो का, होनिंगच्या तिरक्या रेघा शिल्लक आहेत का बघा. रेघा पुसून आरसा झाला असेल आणि तशातच नव्या रिंगा टाकल्या तर त्या बसतच नाहीत. इंजिन मुदतीआधीच घासलं असेल तर एअर फिल्टर ते टर्बो हा रबरी पाईप तपासा, क्लॅम्पपाशी चीर असते आणि रस्त्याची धूळ न गाळता आत जाते, तो पाईप तसाच ठेवून केलेलं काम परत घासणार.

मघाशी एका दादांनी विचारलं, २०डब्ल्यू-५०, म्हणजे जाड ऑइल, टाकलं की कमी होतं ना? थोडं होतं, हो. पण थंडीत पहाटे स्टार्टला जाड ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, त्यामुळं पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर तेच घाला. इंजिन खोलायच्या आधी एक सीझन काढायचा म्हणून कुणी घातलं तर मी भांडणार नाही. विकायच्या गाडीत मात्र हा उद्योग सर्रास चालतो. म्हणून जुनी पिकअप घ्यायला गेलात तर थंड इंजिनवर सौदा करू नका, मालकाला शेजारी बसवून एखादा चढ चढून या, इंजिन चांगलं तापू द्या, आणि मग ते ऑइल भरायचं झाकण उघडून त्याच्यासमोरच भोकावर उलटं ठेवा.