फिरतीवरच्या वाचकांचे ग्रंथमंडळ

श्रोतेहो, नमस्कार. ज्यांचा महिन्यातला निम्माअधिक काळ घराबाहेर जातो, अशा वाचकांविषयी आज मला बोलायचे आहे. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, मालवाहू जहाजांवर महिनोन्‌महिने राहणारे खलाशी आणि अधिकारी, मुक्कामी एसटीचे चालक-वाहक, रनिंग रूममध्ये म्हणजे रेल्वेच्या विश्रांतिगृहात रात्र काढणारे लोको पायलट, तपासणीसाठी गावोगाव जाणारे लेखापरीक्षक, यांच्यात मनापासून वाचणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांना पुस्तक कसेबसे मिळते. पण वाचून झाल्यावर त्यावर बोलायला सोबती मिळत नाही, आणि माझ्या मते हीच त्यांची खरी उणीव आहे.

आपल्याकडे ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे आणि मुंबईचे १८९८ सालचे. या संस्थांनी वाचक घडवला हे निर्विवाद आहे. परंतु अनामत रक्कम, ठरलेल्या मुदतीत पुस्तक परत करणे, संध्याकाळचे व्याख्यान ही सारी रचना एका गावात राहणाऱ्या सभासदाला धरून उभी राहिली. प्रवाशासाठी रेल्वेच्या फलाटावर १८७७ पासून व्हीलर यांचे पुस्तकांचे स्टॉल आले. त्यांनी प्रवाशाच्या हाती पुस्तक दिले, पण सहवाचक देणे हे काही विक्रेत्याचे काम नव्हते.

आता इंटरनेटमुळे ही उणीव भरून काढता येते, म्हणून अनेक मित्रमंडळी उत्साहाने ऑनलाइन ग्रंथमंडळ सुरू करतात. बहुतेक वेळा पहिला निर्णय असा होतो की, दर शनिवारी रात्री नऊ वाजता सर्वांनी मोबाइलच्या पडद्यावर एकत्र यायचे. फिरतीवरच्या माणसांचे मंडळ याच निर्णयाने मोडते, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा दुबईत साडेसात वाजलेले असतात. लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे साडेतीन आणि उन्हाळ्यात साडेचार, तर न्यूयॉर्कमध्ये ऐन सकाळच्या कामाची वेळ असते. कोणी त्याच क्षणी कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यातून जात असतो, तर भर समुद्रातल्या खलाशाला कित्येकदा पुढच्या बंदराची वाट पाहावी लागते. दोन बैठका चुकल्या की माणसाला संकोच वाटू लागतो, तिसरी तो स्वतःच टाळतो आणि पुढे पुस्तकही अर्धवट राहते.

म्हणून अशा मंडळाचा आधार बैठकीऐवजी लेखी संवाद हा असावा. पुस्तकाचे सहा-सात भाग पाडावेत, एकेका भागाला आठवडा किंवा पंधरवडा द्यावा, प्रत्येक भागाच्या चर्चेसाठी स्वतंत्र जागा ठेवावी आणि त्या जागेत पुढच्या भागातली एकही गोष्ट उघड करू नये. असे केले म्हणजे मागे राहिलेला वाचक तीन आठवड्यांनी आला तरी त्याला आपल्या भागापुरते निर्धास्तपणे वाचता आणि लिहिता येते. संदर्भ देताना पृष्ठक्रमांकावर विसंबू नये. कारण ई-पुस्तकात अक्षर मोठे केले की पाने बदलतात आणि छापील आवृत्त्यांचीही पाने जुळत नाहीत. प्रकरण आणि प्रसंग सांगावा. लांबलचक ध्वनिसंदेशांविषयी माझे मत थोडे कठोर आहे, कारण फलाटाच्या गोंगाटात ते ऐकू येत नाहीत आणि नंतर त्यांतले नेमके वाक्य शोधता येत नाही. मात्र ज्यांना टंकलेखन जड जाते त्यांना बोलू द्यावे, आणि त्यांच्या म्हणण्याचा सारांश दुसऱ्या कोणीतरी आपुलकीने लिहून काढावा.

पुस्तक निवडताना आवडीआधी उपलब्धता पाहावी लागते. देशांतर्गत विमानात सोबतच्या सामानाला साधारण सात किलोंची मर्यादा असते, आणि परदेशी बंदरात मराठी पुस्तकांचे दुकान कोठून मिळणार? किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या साधनावर २०१६ च्या अखेरीस मराठी पुस्तके येऊ लागली आणि पुढे मराठी श्राव्यपुस्तकेही आली, त्यामुळे पुष्कळ सोय झाली आहे. निघण्यापूर्वी पुस्तक उतरवून घेतले की वाटेत नेटवर्कची गरज उरत नाही. पण एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. एकाने पुस्तक विकत घ्यायचे आणि त्याची पीडीएफ गटात सर्वांना पाठवायची, ही पद्धत लेखकावर आणि प्रकाशकावर अन्याय करणारी आहे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. ती मुदत संपलेली उत्तम मराठी पुस्तके भरपूर आहेत. त्यांच्यापासून आरंभ करणे सर्वांत सोयीचे आणि निर्मळ ठरते.

मला विचाराल तर पहिले पुस्तक म्हणून विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्यावा. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक कर्जाने गांजले होते. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता त्यांच्या कानावर आली आणि दानदक्षिणा मिळेल या आशेने ते १८५७ साली चुलत्यासह उत्तरेकडे निघाले. वाटेत त्यांना बंडाने गाठले. झाशीचा वेढा, शहराची लूट आणि राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस हे सारे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले म्हणून लिहून ठेवले आहे. आणि इतके सोसूनही आईवडिलांसाठी गंगेची कावड ते घरापर्यंत घेऊन आले. पोटासाठी घर सोडणे, मिळालेले धन वाटेतच हातचे जाणे, घरच्यांना आपली खुशाली कळवता न येणे, हे फिरतीवरच्या वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. झाशी स्थानकावर पाच-दहा मिनिटे थांबणाऱ्या गाडीत बसून एखाद्याने वेढ्याचे प्रकरण वाचले आणि तिथूनच आपले चार शब्द लिहिले, तर घरी बसलेल्या वाचकालाही त्या प्रकरणातली अंतरे आणि त्यातला उन्हाळा नव्याने जाणवेल.

या पुस्तकाच्या आवृत्त्यांविषयी आधीच बोलून घ्यावे. चिंतामणराव वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले तेव्हा मूळ मजकुरावर संस्कार केले होते. हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली सिद्ध केली. काहींनी एक आणि काहींनी दुसरी वाचली, तर दोन्ही पाठ शेजारी ठेवून संपादकाने काय वगळले आणि का वगळले यावर फार चांगली चर्चा होऊ शकते.

सुरुवातीला आठ-दहा वाचक पुरेत. दर पुस्तकाला एक जण संयोजक असावा आणि त्या काळात त्याची फिरती कमी असावी, म्हणजे भाग वेळेवर उघडले जातील. पुस्तक संपल्यावर सर्व टिपणे एका ठिकाणी उतरवून ठेवावीत, पण चर्चा संपल्याचे जाहीर करू नये. जहाजावरून सहा महिन्यांनी परतलेल्या सभासदाला पहिल्या प्रकरणावर काही म्हणायचे असेल, तर त्याला उत्तर देण्याची जबाबदारी संयोजकाने घ्यावी. नमस्कार.