लिंकचं कार्ड कोण लिहितं?

(पडद्यावर: मोबाइलमध्ये उघडलेला चॅट. लिंक पेस्ट होते.)

लिंक अजून पाठवलेलीही नाही, तोच तिच्यावर एक कार्ड उमटतं. चित्र, ठळक शीर्षक, ओळभर वर्णन आणि खाली संकेतस्थळाचं नाव. पान उघडायचं की पुढे सरकायचं, हे समोरचा माणूस या कार्डावरून ठरवतो. ज्यानं खपून लेख लिहिला, त्यानं मात्र आपलं कार्ड अनेकदा पाहिलेलंही नसतं. वाईट वाटतं ते याचंच.

हे कार्ड बनतं कुठे? व्हॉट्सअ‍ॅपवर ते पाठवणाऱ्याचा फोनच बनवतो. संदेश कुलूपबंद होऊन जातो, मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही. म्हणून फोन स्वतः त्या पानापर्यंत जाऊन येतो. फेसबुकवर हे काम त्यांचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, करतो. सर्व्हरच्या नोंदींमध्ये तो 'फेसबुकएक्स्टर्नलहिट' या नावानं सापडतो. पानाची मांडणी, रंग, फॉन्ट यांच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पानाच्या कोडच्या, म्हणजे एचटीएमएलच्या, सुरुवातीच्या 'हेड' भागातले मोजके मेटा टॅग (पानाची माहिती देणाऱ्या, वाचकाला न दिसणाऱ्या ओळी) वाचायचे आणि परत फिरायचं.

(पडद्यावर: पानाचा सोर्स कोड. चार ओळी उजळतात.)

या टॅगांची पद्धत, ओपन ग्राफ, फेसबुकनं २०१० मध्ये आणली. त्यात चार गोष्टी आवश्यक: शीर्षक, प्रकार, चित्र आणि पत्ता. वर्णन ऐच्छिक आहे, पण ते लिहाच. ट्विटरनं (आजचं एक्स) २०१२ मध्ये स्वतःची कार्डं आणली. तरी शीर्षक, वर्णन, चित्र यांचे त्याचे टॅग नसतील तर तोही ओपन ग्राफचेच घेतो. मोठ्या चित्राचं कार्ड हवं असेल तर 'समरी लार्ज इमेज' ही एक ओळ तेवढी वेगळी द्यायची.

आणि काहीच दिलं नाही तर? मग यंत्र अंदाज बांधतं. पानावर जे चित्र हाती लागेल ते उचलतं. कधी लोगो, कधी लेखकाचा अंगठ्याएवढा फोटो, कधी शेजारच्या जाहिरातीतला बूट. शोकलेखावर बुटाचं चित्र आलं तर दोष यंत्राला कसा द्यायचा?

सगळ्यात जास्त गफलत होते ती चित्रात. १२०० बाय ६३० पिक्सेल हे माप बहुतेक ठिकाणी चालतं. पण तेच चित्र कुठे आडवं दिसतं, तर कुठे कापून छोटा चौकोन होतं. कडेला लिहिलेली अक्षरं त्यात पहिली जातात. चेहरा, आकडा, महत्त्वाचा शब्द, जे काही असेल ते मध्यभागी ठेवा. चित्राचा पत्ता 'एचटीटीपीएस'पासून पूर्ण द्या. अर्धा पत्ता क्रॉलरला उमगेलच असं नाही. चित्राची रुंदी आणि उंचीही टॅगमध्ये लिहा, म्हणजे फेसबुकवर पहिल्यांदा शेअर करणाऱ्यालाही चित्र लगेच दिसतं. आणि फाइल हलकी ठेवा. जड चित्र व्हॉट्सअ‍ॅप चक्क सोडून देतं.

मराठी पानांची एक खास अडचण आहे. पत्त्यात देवनागरी असेल, तर कॉपी केल्यावर अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ हाती येते. एकेका अक्षराचे तीन बाइट, म्हणजे टक्क्यांसकट नऊ चिन्हं, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या मोजायच्या. कार्ड उमटलं नाही, तर वाचणाऱ्यापुढे ती माळच उरते. चित्रावरचा मजकूर सर्व्हर आपोआप छापत असेल, तर तिथेही एकदा डोळे घालून बघा. देवनागरी फॉन्ट नसला की शब्दांच्या जागी रिकामे चौकोन येतात, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

(पडद्यावर: एकाच साइटच्या तीन वेगळ्या लिंक. तिन्हींवर तेच कार्ड.)

तीन लेख, तीन लिंक, कार्ड मात्र एकच. टॅग जावास्क्रिप्टनं, म्हणजे पान ब्राउझरमध्ये उघडल्यावर चालणाऱ्या कोडनं, भरले की असं होतं. बरेच क्रॉलर जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, म्हणून त्यांना प्रत्येक पानावर मुखपृष्ठाचेच टॅग दिसतात. टॅग सर्व्हरकडूनच भरून आले पाहिजेत.

शीर्षकातली चूक सुधारली तरी जुनं कार्ड हटत नाही, कारण ते साठवलेलं असतं. फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये आणि लिंक्डइनच्या पोस्ट इन्स्पेक्टरमध्ये लिंक टाकली की पान नव्यानं वाचलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच गेलेल्या संदेशातलं कार्ड मात्र बदलत नाही. ते संदेशासोबतच गेलेलं असतं. म्हणून तपासणी लिंक वाटण्याआधी करायची.

कार्डाची ताकद ओळखून त्याचा गैरवापरही झाला. दुसऱ्याच्या बातमीचं शीर्षक शेअर करताना बदलायचं आणि खोटं पसरवायचं. २०१७ मध्ये फेसबुकनं ही सोय काढून घेतली. पण स्वतःच्या पानाचं शीर्षक आजही आपल्याच हातात आहे. आत नसलेली गोष्ट कार्डावर लिहून वाचकाला ओढणं ही फसवणूकच आहे, मग क्लिक कितीही वाढोत.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एक्सनं कार्डांवरची शीर्षकंच काढून टाकली. पुढे ती छोट्या अक्षरांत परतली, पण मधल्या काळात नुसतं चित्र आणि संकेतस्थळाचं नाव उरलं होतं. तेव्हा कार्ड तपासताना शीर्षक झाकून चित्र पाहा, मग चित्र झाकून शीर्षक वाचा. आणि चित्राचं वर्णन देणारा ऑल्ट टॅगही भरा. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला चित्रात काय आहे हे कळण्याची सोय त्यातूनच होते.