अडवायचे कोणाला आणि सोडायचे कोणाला

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या फुटबॉलविषयी बोलताना पहिल्यांदा हे सांगायला हवे की हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर उभे राहतात, चेंडू ज्या संघाकडे आहे त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते, आणि तेवढे जमले की त्याला नव्याने चार प्रयत्न मिळतात. चेंडू घेऊन पुढे येणाऱ्या संघाच्या खेळाला मी आज चढाई म्हणणार आहे आणि त्याला रोखणाऱ्यांच्या खेळाला बचाव. प्रश्न असा आहे की बचावच अंगावर धावून येऊ लागला तर चढाईने काय करावे?

उत्तराआधी एक साधी वजाबाकी करू. धावत चेंडू पुढे न्यायचा असेल तेव्हा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेला खेळाडू, तो सहकाऱ्याच्या हाती देतो आणि बहुतेक वेळा तिथेच त्याचे काम संपते. चेंडू घेतलेला खेळाडू स्वतः कोणाला अडवू शकत नाही. उरतात नऊ जण, आणि समोर मात्र अकरा. म्हणजे कितीही चांगला संघ असला तरी बचावातले दोघे मोकळे राहणारच. सावध बचावात हे दोघे खूप मागे उभे असतात आणि पोहोचेपर्यंत पाच-सहा यार्ड हाती लागलेले असतात. आक्रमक बचाव माणसे पुढे आणतो, त्यामुळे मोकळा माणूस ऐन तोंडावर येऊन आदळतो. फेकीच्या वेळीही, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडू हवेतून सहकाऱ्याकडे पाठवतो तेव्हाही, तेच घडते: साधारणपणे चार जण क्वार्टरबॅकवर धावतात, पाच किंवा अधिक धावले की त्याला ब्लिट्झ म्हणतात.

अशा वेळी नवख्या प्रशिक्षकाचा हात संरक्षण वाढवण्याकडे वळतो. पाच लाइनमनच्या, म्हणजे अगदी पुढच्या ओळीत उभे राहून अडवणाऱ्यांच्या, मदतीला आणखी तिघे मागे ठेवले, तर चेंडू झेलायला दोघेच पुढे जातात आणि त्या दोघांवर नजर ठेवणे बचावाला अगदी सोपे होते. ही भीतीपोटी केलेली तजवीज आहे, असे मी म्हणेन. दोघे मोकळे राहणारच असतील, तर ते कोण असावेत हे आपण ठरवावे. विचार इथून सुरू व्हायला हवा.

याचे माझ्या मते सर्वांत सुरेख उदाहरण म्हणजे १ जानेवारी १९९५ रोजी मायामीत झालेला ऑरेंज बोल या विद्यापीठीय स्पर्धेचा सामना. नेब्रास्का विद्यापीठाचे प्रमुख प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न १९७३ पासून त्या पदावर होते आणि राष्ट्रीय विजेतेपदाने त्यांना तोवर हुलकावणीच दिली होती. समोर मायामी विद्यापीठाचा संघ, तोही स्वतःच्या मैदानावर. त्यांच्या बचावाच्या मध्यभागी वॉरन सॅप आणि त्याच्या मागे लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या ओळीतला खेळाडू, रे लुइस. सॅपचा वेग असा की चेंडू हलताच तो लाइन फोडून आत शिरलेला असे. तिसऱ्या सत्रात मायामी १७-७ असे पुढे होते.

चौथ्या सत्रात नेब्रास्काने ट्रॅप नावाची जुनीच चाल वापरली. तिचे तंत्र असे की आत घुसणाऱ्या बचावपटूला समोरून कोणी अडवतच नाही. वाट मोकळी दिसते म्हणून तो दोन पावले अधिकच आत येतो, आणि तेवढ्यात चढाईच्याच ओळीच्या दुसऱ्या बाजूचा लाइनमन आडवा धावत येऊन त्याला कुशीत धडक देतो. तो जिथून निघाला होता ती जागा आता रिकामी असते आणि फुलबॅक, म्हणजे क्वार्टरबॅकच्या मागे उभा असलेला धावपटू, नेमका तिथूनच पळतो. शिवाय नेब्रास्काचा क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझर चेंडू घेऊन कडेने धावेल ही धास्ती होतीच, त्यामुळे मागच्या लाइनबॅकरना मधली जागा निःशंकपणे धरून बसता येत नव्हते. फुलबॅक कोरी श्लेसिंगरने आधी १५ आणि मग १४ यार्डांची धाव घेऊन दोन टचडाउन केले, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला, आणि नेब्रास्का २४-१७ असा जिंकला. मायामीचे लाइनमन तोवर दमले होते, हे श्रेय नेब्रास्काच्या तयारीला द्यायलाच हवे. पण दमलेला माणूसही सवयीने पुढेच धावतो, आणि ट्रॅपला तेवढे पुरते. कबड्डीत कोपऱ्यातल्या खेळाडूने उतावीळपणे घोट्याकडे झेप घ्यावी आणि चढाईपटूने त्याच्यावरून उडी मारून रेषा गाठावी, तसेच काहीसे.

याच विचाराला पुढे वेगळे रूप मिळाले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या महाविद्यालयात रिच रॉड्रिग्ज यांनी कडेच्या बचावपटूला धडक देणेही सोडून दिले. क्वार्टरबॅक त्याच्याकडे पाहतो. तो धावपटूमागे झेपावला तर चेंडू स्वतःकडे ठेवतो, थांबला तर धावपटूला देतो. एकही माणूस खर्च न करता एक बचावपटू बाद होतो आणि मघाच्या वजाबाकीतला फरक निम्मा होतो. विद्यापीठीय नियमांत लाइनमनना फेकीच्या वेळी तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येते, व्यावसायिक खेळात फक्त एक यार्ड. त्यामुळे धाव आणि फेक यांतली निवड विद्यापीठातला क्वार्टरबॅक जरा उशिरापर्यंत लांबवू शकतो आणि पुढे सरकलेल्या लाइनबॅकरच्या डोक्यावरून चेंडू टाकू शकतो. स्क्रीन पासही याच कुळातला: लाइनमन मुद्दाम हरल्यासारखे करतात, बचावपटूंना आत येऊ देतात आणि त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या हाती अलगद चेंडू पोहोचतो.

मात्र या सगळ्या चाली समोरच्याच्या उतावीळपणावर जगतात. बचावपटू एकच पाऊल आत टाकून थबकला, तर ट्रॅपची धडक हुकते आणि स्क्रीनमध्ये चेंडू घेणाराच घेरला जातो. रॉड्रिग्ज यांच्या चालीवरही बचावाने तोड काढली. कडेचा बचावपटू मुद्दाम धावपटूमागे जातो, क्वार्टरबॅक चेंडू ठेवून बाहेर पडतो, आणि त्या मोकळ्या वाटेवर आतून वळून आलेला लाइनबॅकर त्याची वाट पाहत उभा असतो. मग पुढच्या खेळीत चढाईचा प्रशिक्षक क्वार्टरबॅकला सांगतो की कडेच्याला अडवण्याचे काम आता लाइनमन करतील, तू त्या लाइनबॅकरकडे पाहा.