बर्फ हेच वंगण : स्नो स्कूटरच्या स्लाइडची झीज आणि दुरुस्ती

(जळगाव येथे आयटीआयचे विद्यार्थी आणि परिसरातील गॅरेजचालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रांनो, ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, त्या गावात बर्फावरच्या गाडीविषयी ऐकायला तुम्ही एवढ्या संख्येने आलात, याचा मला मनापासून आनंद आहे. मी चाळीसगाव तालुक्यातला. डिझेल मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण करून मी लष्कराच्या ईएमई, म्हणजे वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेत भरती झालो आणि नोकरीतले बरेच हिवाळे काश्मीरच्या उंच भागात स्नो स्कूटर दुरुस्त करण्यात घालवले. या गाडीच्या इंजिनाविषयी बोलायचे तर एक दिवस पुरणार नाही. म्हणून आज फक्त एका भागाविषयी बोलतो. हा भाग दिसायला सगळ्यात साधा आहे, पण मला सगळ्यात जास्त त्यानेच शिकवले. हा भाग म्हणजे सस्पेन्शनच्या रेलखाली बसणारी प्लास्टिकची पट्टी. तिला स्लाइड म्हणतात, आणि कारखान्यात बहुतेक जण हायफॅक्स म्हणतात.

आधी गाडीची रचना डोळ्यांसमोर आणा. पुढे दोन स्की, मागे रबराचा एक अखंड रुंद पट्टा, म्हणजे ट्रॅक. हा ट्रॅक दात असलेल्या चाकांनी फिरवायचा, ही कल्पना कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातील जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९३७ साली पेटंट केली. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद असताना त्यांचा लहान मुलगा दवाखान्यात पोचवता न आल्याने दगावला होता. त्यांच्या हातून १९५९ साली ‘स्की-डू’ ही हलकी गाडी बाजारात आली आणि एका-दोघांनी चालवायची स्नो स्कूटर घरोघर पोचली. त्या काळच्या गाड्यांत ट्रॅकच्या आत लहान चाकांच्या जोड्या असत. पुढे त्यांच्या जागी अॅल्युमिनियमच्या दोन लांब रेल आल्या. ट्रॅकच्या आतल्या बाजूला ठरावीक अंतरावर पोलादी क्लिपा असतात, रेलच्या खालच्या कडेवर स्लाइड चढवलेली असते, आणि गाडी चालताना या क्लिपा स्लाइडला घासत जातात. रेलवर काही चाकेही असतात, परंतु भाराचा मोठा वाटा स्लाइडवरच येतो.

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरा. जमिनीला टेकलेला ट्रॅकचा भाग जागेवर स्थिर असतो आणि रेल त्याच्यावरून पुढे सरकते. म्हणजे पोलाद आणि प्लास्टिक सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक वेगाने एकमेकांवर घासतात, आणि तेही गाडी आणि स्वार यांच्या वजनाखाली. या घर्षणाला तेल नाही, ग्रीस नाही. मग ती पट्टी पहिल्याच किलोमीटरमध्ये जळून का जात नाही?

ज्यांच्या घरी लाकडी आखाची बैलगाडी होती, त्यांना उत्तर लवकर सापडेल. माझे आजोबा बाजाराला निघण्यापूर्वी आखाला वंगण घातल्याशिवाय बैल जुंपत नसत. स्नो स्कूटरचे वंगण गाडीच्या डब्यात नसते, ते रस्त्यावर पसरलेले असते. ट्रॅकच्या खिडक्यांतून, म्हणजे त्यातल्या भोकांतून, मोकळा बर्फ आत उडतो, क्लिप आणि स्लाइड यांच्यामध्ये सापडतो, घर्षणाच्या उष्णतेने वितळतो आणि पाण्याचा एक पातळ थर तयार करतो. तोच थर वंगणाचे काम करतो आणि तोच उष्णता वाहून नेतो. बर्फ आत येणे थांबले की वंगण संपले. स्लाइडचे बहुतेक बिघाड या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, आणि हे मला उशिरा कळले, म्हणून आज तुमच्यासमोर एवढ्या आग्रहाने सांगतो आहे.

मार्च महिन्यातली गोष्ट आहे. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. मार्चच्या दुपारी तिथे ऊन चांगले लागते, वाहनांनी दाबलेला बर्फ ओलसर होतो आणि रात्रीतून काचेसारखा कडक गोठतो. अशाच एका सकाळी एक गाडी त्या कडक रस्त्यावरून काही किलोमीटर येऊन आमच्या शेडसमोर उभी राहिली. मी जवळ गेलो तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. मी लक्ष दिले नाही. तासाभराने गाडी चालू केली, थ्रॉटल दिला, तर ट्रॅक जागचा हलेना आणि इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या ड्राइव्ह बेल्टमधून धूर निघाला. मऊ झालेले प्लास्टिक क्लिपांवर पसरले होते, आणि गाडी उभी असताना थंड होऊन त्याने ट्रॅक आणि रेल यांना जणू चिकटवून टाकले होते.

मी दोन्ही स्लाइड काढून नव्या घातल्या. काम स्वच्छ झाले असे मला वाटले. दोन दिवसांत नव्या स्लाइडही खरवडल्या गेल्या. तेव्हा आमच्या उस्तादांनी ट्रॅक उलगडून मला एका क्लिपवरून नख फिरवायला सांगितले. नखाला खडबडीत, काळपट पापुद्रा लागला. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या प्लास्टिकचा तो थर मी प्रत्येक क्लिपवर तसाच सोडला होता, आणि तो नव्या स्लाइडला कानशीसारखा घासत होता. प्लास्टिकवर प्लास्टिक घासले की उष्णता आणखी वाढते. नंतर दोघांनी बसून एकेक क्लिप बोथट पात्याने खरवडली. त्यात अख्खी दुपार गेली. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून स्लाइड बदलण्याआधी क्लिपांवरून नख फिरवल्याशिवाय मी पुढे गेलो नाही.

आता ही पट्टी कशाची असते ते पाहू, कारण जळगावच्या माणसाला प्लास्टिक समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे पाइप आणि चटया बनतात, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी त्यावर चूल पेटते. स्लाइड ही पॉलिथिलीनचीच, पण अतिउच्च रेणुभाराची असते. नेहमीच्या एचडीपीई (उच्च घनतेचे पॉलिथिलीन) पाइपच्या मानाने तिच्या साखळ्या कितीतरी पटींनी लांब असतात. तिचा रेणुभार तीसएक लाखांच्या पुढे जातो. या लांब साखळ्यांमुळे ती झिजायला अत्यंत चिवट असते. कृत्रिम खुब्याच्या वाटीतही हेच द्रव्य वापरतात, आणि बाटल्या भरण्याच्या लाइनवर साखळीखाली ज्या पांढऱ्या-हिरव्या पट्ट्या असतात, त्याही पुष्कळदा याच्याच. पण तिचा वितळणबिंदू एचडीपीईसारखाच, १३० ते १३६ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. झिजेच्या बाबतीत ती वेगळी आहे. उष्णतेच्या बाबतीत ती पॉलिथिलीनच आहे. म्हणून एचडीपीईच्या शीटमधून पट्टी कापून बसवण्याचा मोह कुणाला झाला, तर ती चढेल, पण टिकणार नाही; आणि खरी स्लाइड घातली तरी कोरड्या बर्फकाचेवर तीही वितळेल.

याच द्रव्याच्या आणखी एका गुणामुळे पुष्कळ जण फसतात. ते तापमानाप्रमाणे फार प्रसरण-आकुंचन पावते: प्रत्येक मीटरला प्रत्येक अंशामागे साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर. सुमारे १.४ मीटर लांबीची स्लाइड आपल्या ४५ अंशांच्या उन्हातून उणे २० अंशांत नेली, तर ती १४ ते १८ मिलिमीटरने आखडते. तेवढ्याच लांबीची अॅल्युमिनियमची रेल मात्र जेमतेम २ मिलिमीटरने. त्यामुळे स्लाइड रेलला फक्त पुढच्या टोकाला एका स्क्रूने अडकवलेली असते आणि मागे मोकळी सोडलेली असते. एका होतकरू मुलाने स्लाइड मागे सरकू नये म्हणून मागेही बोल्ट मारलेला मी पाहिला आहे. थंडी पडताच ती पट्टी पुढच्या स्क्रूपाशी फाटली. त्या मुलाची तळमळ खरी होती. त्याला आकुंचनाचा हिशेब कुणी सांगितला नव्हता.

तो पुढचा स्क्रू लहान आहे, पण त्याच्यावर सगळे अवलंबून आहे. तो तुटला किंवा सैल होऊन पडला, की क्लिपा स्लाइडला मागे ओढत नेतात आणि रेलचे पुढचे वळण उघडे पडते. मग पोलाद थेट अॅल्युमिनियमवर घासते. ही झीज बरी करता येत नाही. गाडीखाली वाकून टॉर्चने त्या दोन स्क्रूंकडे पाहायला अर्धे मिनिट लागते, आणि रेलची जोडी वाचते.

झीज कुठे आहे, यावरून कारण ओळखता येते. दोन्ही स्लाइड सारख्या झिजल्या असतील, तर ते आयुष्य संपल्याचे लक्षण. अनेक स्लाइडवर झिजेची मर्यादा दाखवणारी रेघ असते, तिच्यापर्यंत पोचले की बदलायचे. एकाच बाजूची झिजली असेल, तर ट्रॅक सरळ धावत नाही. पुढच्या वळणावरच झिजली असेल, तर ट्रॅक फाजील ताणलेला आहे किंवा पुढच्या भागावर भार जास्त आहे. एखाद्याच जागी खोलगट झाली असेल, तर जवळचे चाक पाहा: त्याचे रबर झिजले असेल किंवा बेअरिंग जाम झाले असेल, आणि त्या चाकाचा भार स्लाइडने उचलला असेल. ही बेअरिंगे तुम्हाला परकी नाहीत. अनेक गाड्यांत ती ६२०५ क्रमांकाची असतात, म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर. मोटार रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात हीच मिळतात. बर्फाचे पाणी आत शिरते, रात्री गोठते, सील फाटते आणि गंज धरतो. चाक हाताने फिरवा. कुरकुर ऐकू आली, तर स्लाइडला हात लावण्याआधी ते बेअरिंग बदला.

आता प्रत्यक्ष बदलण्याची रीत. गाडीचा मागचा भाग उचलून भक्कम स्टँडवर घ्या, मागच्या आसाचे बोल्ट ढिले करून ट्रॅक सैल करा, पुढचा स्क्रू काढा. ट्रॅकची खिडकी रेलच्या टोकासमोर आणून जुनी स्लाइड मागच्या बाजूने ओढून काढा. अडली तर पुढून लाकडाचा ठोकळा लावून हलक्या हाताने ठोका. मग रेलची कड बोटांनी चाचपा, हातमोजा न घालता पण सावकाश, कारण तिथे धारदार कुसळे असतात. ती कानशीने घासून काढा. रेलच्या कडेला आणि स्लाइडच्या खाचेला साबणाचे पाणी लावा आणि नवी स्लाइड मागून पुढे सरकवत न्या. ग्रीस लावू नका, त्याला माती चिकटते. घाईने मोठ्या हातोड्याने ठोकू नका. पट्टी वळते, खाच उघडते आणि पुढे चालताना ती रेलवरून निसटते.

ट्रॅकचा ताण हे निम्मे काम आहे. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी सांगितलेले वजन लावून स्लाइड आणि क्लिप यांच्यामधले अंतर पट्टीने मोजायचे. अंदाजाने ताण लावणारा माणूस बहुधा जास्तच ताणतो, कारण सैल ट्रॅक दात सोडून खडखडतो आणि ते कानाला कळते. ताणलेला ट्रॅक मुकाट्याने स्लाइड खात राहतो. नंतर स्टँडवरच ट्रॅक सावकाश फिरवा, मागे कुणालाही उभे राहू देऊ नका, आणि इंजिन बंद करून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे आहे का ते पाहा.

रेललाच तडा गेला असेल, तर तो बहुधा बोल्टच्या भोकापासून निघालेला असतो. वेल्डिंगची मशीन जवळ असली की हात तिच्याकडेच जातो, पण थांबा. उष्णोपचाराने बळकट केलेल्या अॅल्युमिनियमला वेल्ड केले, की वेल्डच्या शेजारचा पट्टा मऊ पडतो आणि आपली निम्म्याच्या आसपास ताकद गमावतो. पुढचा तडा तिथूनच जातो. मी रेल बदलण्याच्याच मताचा आहे. डोंगरात सुटा भाग नसेल, तर तड्याच्या टोकाला लहान भोक पाडून त्याला थोपवावे, बाहेरून जाड पट्टी बोल्टने बसवावी आणि गाडी हळू चालवत तळावर आणावी. ही सोय आहे, दुरुस्ती नव्हे, हे गाडीच्या कार्डावर लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या मेकॅनिकची फसगत होत नाही.

चालवणाऱ्यालाही काही सांगावे लागते. कडक रस्त्यावरून जाणे भागच असेल, तर कडेच्या मोकळ्या बर्फात अधूनमधून उतरावे, म्हणजे स्लाइड ओली होते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा रेडिएटर टनेलमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या वरच्या धातूच्या आच्छादनात असतो आणि त्यालाही उडालेल्या बर्फाचीच गरज असते. तेव्हा तापमानाचा काटा चढू लागला, तर स्लाइडही तापत आहे असे समजावे. रेलला बसवायचे स्क्रॅचर मिळतात. त्यांची टोके बर्फकाच ओरखडून तिचा भुगा आत उडवतात. त्यांचा खर्च स्लाइडच्या एका जोडीत निघतो, असा माझा अनुभव आहे. मात्र काही प्रकार खाली सोडलेले असताना गाडी मागे घेतली तर ते वाकतात, हे चालकाला आधी दाखवून द्यावे. रात्री गाडी लाकडी फळ्यांवर उभी करावी, म्हणजे ट्रॅक जमिनीला गोठून बसत नाही.

नवी स्लाइड चढवल्यावर गाडी ताबडतोब मालकाच्या हाती देऊ नका. पहिले काही किलोमीटर ताज्या, मोकळ्या बर्फात मध्यम वेगाने स्वतः चालवा, म्हणजे पट्टीचा पृष्ठभाग क्लिपांशी जुळून गुळगुळीत होतो. परत येऊन गाडी पुन्हा स्टँडवर घ्या, पुढचे दोन स्क्रू पाहा, ताण पुन्हा मोजा, कारण नव्या स्लाइडवर तो पहिल्या फेरीत बदललेला असतो. आणि क्लिपांवरून पुन्हा एकदा नख फिरवा. नखाला काही लागले नाही, तर गाडी द्यायला हरकत नाही.