हेडफोन खुलतो की कान सरावतात?

(दृश्य: टेबलावर नवा हेडफोन. फोनला जोडलेला, वाजतोय, पण ऐकणारं कुणी नाही.)

नवा हेडफोन घेतला की एक सल्ला हमखास मिळतो. लगेच मन लावून ऐकू नका, आधी शंभर तास वाजू द्या. कुणी दोनशे तास सांगतं. मग हेडफोन रात्र रात्र वाजत ठेवला जातो, बहुतेकदा पिंक नॉइजवर. ही एकसुरी खरखर असते आणि तिच्यात प्रत्येक सप्तकाला सारखीच ऊर्जा मिळते. त्यानंतर बेस मोकळा होतो, वरचे सूर टोचायचे थांबतात, आवाज खुलतो, असं सांगितलं जातं.

सांगणारे खोटं बोलत नाहीत. पहिल्या दिवसाचा आवाज आणि महिन्याभरानंतरचा आवाज यांत त्यांना खरोखर फरक ऐकू आलेला असतो. प्रश्न एवढाच की त्या महिन्यात नेमकं बदललं काय?

(दृश्य: मोठ्या स्पीकरचा वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा भाग. शंकू पुढे-मागे हलतोय.)

या समजुतीचं मूळ मोठ्या स्पीकरमध्ये आहे आणि तिथे तिला आधारही आहे. वूफरचा शंकू दोन ठिकाणी धरलेला असतो. बाहेरच्या कडेला रबराची किंवा फोमची झालर असते आणि आत, कॉइलजवळ, स्पायडर असतो. स्पायडर म्हणजे राळेत भिजवून ताठ केलेलं चुणीदार कापड. शंकू काही मिलिमीटर पुढे-मागे धावतो तेव्हा हे ताठ कापड थोडं सैल पडतं आणि वूफरची अनुनाद वारंवारता, म्हणजे ज्या सुराला तो सगळ्यात सहज थरथरतो तो सूर, जराशी खाली येते. हे मोजता येतं. पण यातला बराचसा बदल जोरात वाजवल्यावर लवकरच होऊन जातो. त्याला आठवडे लागत नाहीत.

(दृश्य: उघडलेला हेडफोन ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग. नखापेक्षा पातळ, पारदर्शक पडदा.)

आता हेडफोनच्या आत पाहा. नेहमीच्या डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये चुंबक असतं, तारेची बारीक कॉइल असते आणि तिला चिकटवलेला प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. स्पायडर नसतो. पडद्याच्या कडेच्या चुण्याच झालरीचं काम करतात. शिवाय हा पडदा हलतो तरी किती? कान अगदी समोर असतो आणि मधली हवा जवळजवळ बंदिस्त असते, त्यामुळे मिलिमीटरच्या छोट्याशा अंशातच काम भागतं. ज्याला वूफरइतकी ओढाताण सोसावी लागत नाही, ते त्याच्यासारखं सैल पडेल अशी अपेक्षा कशी करायची? मोजमापात थोडाफार फरक दिसलाच, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हेडफोन डोक्यावरून काढून पुन्हा घातला, तरी मोजमापाचा आलेख, म्हणजे कुठला सूर किती मोठा येतो ते दाखवणारी रेषा, तेवढाच हलतो आणि वरच्या सुरांत तर बरेचदा त्याहून जास्त हलतो. इअरफोन बनवणाऱ्या शुअर कंपनीच्या अभियंत्यांनीही हेच सांगितलेलं आहे: कारखान्यातल्या शेवटच्या चाचणीत जो आवाज असतो, तोच पुढे राहतो.

(दृश्य: कानाभोवतीची गादी बोटाने दाबली जाते, हळूहळू वर येते.)

एक भाग मात्र नक्की बदलतो, आणि त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. तो म्हणजे इअरपॅड, कानाभोवतीची गादी. नवी गादी फुगीर आणि ताठ असते. ती जबड्यामागच्या खोलगट भागात, चष्म्याच्या काडीभोवती नीट बसत नाही, फट राहते आणि फटीतून सगळ्यात आधी बेस निसटतो. डोक्याच्या उबेने आणि दाबाने गादी मऊ पडते, फट बुजते, ड्रायव्हर कानाच्या थोडा जवळ येतो. बेस वाढतो, वरच्या सुरांचा तोलही बदलतो. हा बदल खरा आहे. पण तो डोक्यावर घातल्यानेच होतो. कपाटात शंभर तास खरखर ऐकवून गादी मऊ होत नाही. आणि तिचा हा प्रवास चांगल्याकडेच जातो असंही नाही. खूप वापरून चपटी झालेली गादी आवाज बिघडवते, तेव्हा ती बदलावी लागते.

कानाच्या आत जाणाऱ्या इअरफोनचंही तसंच. रबरी टोपी किती खोल गेली यावर बेस ठरतो. सुरुवातीला ती धड बसत नाही, पुढे हाताला सवय होते.

(दृश्य: बाह्य कानाचं जवळून चित्र. त्याच्या वळ्या आणि खोबणी.)

आता खरी गोष्ट. १९९८ साली नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही माणसांच्या बाह्य कानांत छोटे साचे बसवले, म्हणजे कानाचा आकारच बदलला. आवाज वरून येतोय की खालून, हे त्या माणसांना एकदम कळेनासं झालं. साचे तसेच ठेवून ती रोजचं आयुष्य जगत राहिली आणि काही आठवड्यांत ती जाण बऱ्याच अंशी परत आली. साचे काढले तेव्हा जुन्या कानांनीही त्यांना लगेच नीट ओळखता आलं. मेंदूने नवे कान शिकून घेतले होते आणि जुनेही विसरला नव्हता.

हा हेडफोनचा प्रयोग नव्हता. पण आपलं ऐकणं किती लवचीक आहे, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही. प्रत्येक हेडफोनचा स्वतःचा रंग असतो. जुन्या रंगाला सरावलेल्या कानांना नवा रंग आधी खटकतो, मग तोच नेहमीचा वाटू लागतो. माझं ठाम मत आहे की लोक ज्याला आवाज खुलणं म्हणतात, त्याचा मोठा भाग हाच आहे. आणि तो काही कमी सुंदर नाही.

त्यात आपली स्मृती कच्ची. आवाजाचे बारकावे मनात काही सेकंदच टिकतात, आणि आपण तुलना करतो दोन आठवड्यांपूर्वीच्या आवाजाशी. आवाजाची पातळीही फसवते. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की पातळी वाढली की खालचे सूर कानाला अधिक भरतात. एखाद-दोन डेसिबल जास्त ठेवलं, तरी बेस सुधारल्यासारखा वाटतो.

(दृश्य: परतीच्या खोक्यात ठेवलेला हेडफोन.)

ही चर्चा निरुपद्रवी नाही. न आवडलेला हेडफोन परत करायची मुदत त्या शंभर तासांची वाट पाहण्यात निघून जाते. खरखर फार मोठ्याने ठेवली तर ड्रायव्हरलाच इजा होऊ शकते. आणि ती कानांवर ठेवून तासन् तास ऐकणं तर टाळाच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते.

(दृश्य: हेडफोनची डावी बाजू वाजतेय, उजवी शांत.)

तरीही स्वतः पाहायचं असेल, तर एक सोपा मार्ग आहे. फोनमधला डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स पूर्ण डावीकडे सरकवा आणि फक्त डावी बाजू हवे तितके तास वाजू द्या. उजवी शांत राहील. मग बॅलन्स मध्यावर आणा आणि मोनोमधलं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज देणारं, एखादं गाणं लावा. दोन्ही ड्रायव्हर एकाच वयाचे, एकाच खोक्यातले, फक्त एक वाजलेला आणि एक न वाजलेला. डोळे मिटून ऐका, मग हेडफोन उलटा करून घाला, म्हणजे तुमच्या दोन कानांतला फरक बाजूला पडेल. वाजलेली बाजू खरंच खुलली असेल, तर ती कुठली हे तुम्हाला दोन्ही वेळा ओळखता यायला हवं.