गोळ्याला ग्रीस नको

सातपूर, सकाळचे साडेसात. पत्र्याच्या शेडमध्ये पांढरी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची चाकांवरची खोली, उभी आहे आणि काका त्यांच्या गाडीमागे उकिडवे बसलेत. हातात चिंधी, शेजारी थिनरची बाटली.

गाडीच्या मागे लिंबाएवढा हा जो लोखंडी गोळा दिसतोय, त्याचा व्यास 50 मिलिमीटर. टनभर वजनाची ती खोली कसारा घाटात वळणावळणाला याच्याच भरवशावर येते.

आपल्याकडे ओढायचं काही म्हटलं की ट्रॉली. लासलगावला कांदा घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरचा हूक बघा, ग्रीसने माखलेला असतो. त्याच सवयीने गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गॅरेजमधल्या पोराने इथेही बोटभर ग्रीस फासलं, तेही प्रेमाने. काकांना कळलं ते इगतपुरीच्या पुढे. बाजूने ट्रक गेला आणि कॅराव्हॅन शेपटीसारखी हलायला लागली.

कॅराव्हॅनच्या नाकावर गोळ्याला पकडणारा जोड असतो, तो कपलर. या कपलरच्या जबड्यात ब्रेकच्या लायनरसारखे पॅड आहेत. ते गोळ्याला दोन्हीकडून दाबून धरतात, म्हणून मागचं धूड फारसं डोलत नाही. ग्रीस लागलं की पकड गेली. आणि ग्रीस प्यायलेले पॅड धुऊन भागत नाही, नवेच टाकावे लागतात. साध्या, बिनपॅडच्या कपलरला मात्र ग्रीस हवंच. तिथे लोखंडावर लोखंड घासतं. घोळ होतो तो इथेच.

पहिली चिंधी काळी निघते. दुसरी करडी. तिसरी कोरी निघेपर्यंत काका थांबत नाहीत. मग गंजावर बारीक पॉलिश पेपर. नव्या गोळ्याचा रंगही असाच खरवडायचा, नाहीतर तो पॅडवर जाऊन बसतो आणि वळताना करकर सुरू होते.

काका एमआयडीसीत टर्नर होते, त्यामुळे व्हर्नियर निघणारच. गोळा फिरवून फिरवून मोजतात. 49.8. गोळा झिजून माप 49 ला टेकेपर्यंत वाट बघायची नाही, असं त्यांचं गणित.

तेवढ्यात ग्रीसगन घेऊन तोच पोरगा.

"काका, मारू का?"

"ब्रेकच्या दांड्याच्या निपलला मार. गोळ्याला हात लावलास तर बघ!"

जबडा गोळ्यावर बसतो. काका पुढच्या छोट्या चाकाचं हँडल फिरवतात. कॅराव्हॅनचं नाक वर येतं आणि त्याच्यासोबत गाडीची मागची बाजूही उचलली जाते. पक्कं बसलंय. चाक वर घेऊन काका ब्रेकची सेफ्टी केबल अडकवायला वाकतात.